रक्ताच्या नावाने खडे फोडू नका



आपल्या समाजात एक बोलणे फार स्वस्त झाले आहे. शाळेत मुलाने दुसऱ्या मुलाचा दात पाडला, की घरातले वडीलधारे म्हणतात, "आजोबांवर गेलाय, रक्तच तापट आहे." नवऱ्याने बायकोवर हात उगारला, की सासूबाई सुनेला समजावतात, "त्याची शुगर वाढली असेल, तू जरा सांभाळून घे." वर्तमानपत्रात सुरी चालल्याची बातमी आली आणि आरोपीचे आडनाव वाचले, की शब्बाथच्या जेवणावरच निकाल लागतो, "त्या लोकांच्या रक्तातच आहे ते." तिन्ही वाक्यांत रक्त आहे, आणि तिन्ही वाक्ये बोलणाऱ्याचे कष्ट वाचवतात. मुलाला काय होते आहे ते पाहायला नको, मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, जाब विचारायला नको, आणि शेजाऱ्याला माणूस म्हणून ओळखायलाही नको.

अलीकडे या बोलण्याला शास्त्राचे पाठबळ देण्याची टूम निघाली आहे. "हिंसा ही रक्तातली केमिस्ट्री आहे, आता डॉक्टरच म्हणतात," असे ठामपणे सांगणारे भेटतात. तेव्हा डॉक्टर आणि शास्त्रज्ञ खरोखर काय म्हणतात, ते एकदा नीट पाहू. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. रक्तात काय आहे याचा माणसाच्या वागण्याशी संबंध आहे, हे खरे. पण जिथे जिथे तो संबंध चांगल्या पुराव्याने पुढे आला आहे, तिथे तो जन्माच्या रक्ताचा निघाला नाही. बाहेरून रक्तात गेलेल्या वस्तूचा निघाला. बाहेरून येणारी वस्तू दारात अडवता येते. ती अडवायची सोडून आपण रक्ताच्या नावाने खडे फोडत बसतो, ही माझी तक्रार आहे.

रक्तावर दोष टाकण्याची खोड जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांवरून माणसाचे स्वभाव ठरवले. आपल्या मराठीतही पित्त खवळते, रक्त उसळते आणि माथे भडकते. भाषेत हे असायला हरकत नाही. भाषेचा कायदा झाला की घात होतो. १८७६ साली लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. कवटी, जबडा, कान मोजून गुन्हेगार ओळखता येतो, असे तो सांगे. हा लोंब्रोसो व्हेरोना शहरातल्या यहुदी कुटुंबातला होता. पुढे साठ वर्षांच्या आत, १९३५ साली, न्यूरेंबर्गला जो कायदा झाला त्याच्या नावातच 'जर्मन रक्त' होते. माणसाचे वागणे त्याच्या जन्मातच लिहिलेले आहे हा विचार एकदा राज्यकर्त्यांच्या हाती गेला, की तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहील हे मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणि आपण बेने इस्राएल तर या बाबतीत जास्तच जपून बोलायला हवे. १९६२ साली लग्नाच्या वेळी आपल्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान निघाले होते, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे येरुशलाइमला आंदोलनाला बसली होती, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. ज्यांच्या रक्तावर परक्यांनी शंका घेतली, त्यांनी दुसऱ्याच्या रक्तावर जेवता जेवता निकाल द्यावा, हे शोभत नाही.

कोणी म्हणेल, लोंब्रोसोचा काळ गेला, आता प्रयोगशाळा आहेत. ठीक आहे, प्रयोगशाळेकडे जाऊ. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका सुरक्षित रुग्णालयातल्या कैद्यांची तपासणी झाली. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तपेशींत पुरुषत्वाचे 'वाय' गुणसूत्र एकाऐवजी दोन आढळले. लगेच बोलबाला झाला की गुन्ह्याचे गुणसूत्र सापडले. पुढच्याच वर्षी शिकागोत रिचर्ड स्पेक याने आठ नर्सांचा खून केला, आणि त्याच्यातही हे जादा गुणसूत्र आहे असे छापून आले. ते साफ खोटे होते. तपासणीत त्याची गुणसूत्रे सर्वसाधारण निघाली. १९७६ साली डेन्मार्कमधल्या हजारो पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जादा 'वाय' असलेले पुरुष अधिक हिंसक असतात याला पुरावा मिळाला नाही. पण खोटी बातमी दहा वर्षे जगभर फिरली आणि तिचे खंडन मात्र कोणाच्या कानावर गेले नाही.

पुरुषी हार्मोनचेही तसेच. टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून माणूस भांडतो, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात मोठ्या माणसांत या हार्मोनचा आणि मारामारीचा संबंध अगदी कच्चा निघतो. शिवाय स्पर्धा जिंकली की तेच हार्मोन वाढते, हे खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे रक्त वागण्याला ओढते तसे वागणेही रक्ताला ओढते. घोडा कुठला आणि गाडी कुठली हे ठरायच्या आधीच आपण चाबूक उगारतो.

आता साखर. ही गोष्ट आपल्या घराघरांतली आहे, कारण मधुमेह नाही असे आपले घर शोधावे लागते. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डॅन व्हाइट या माजी नगरप्रतिनिधीने महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या. १९७९ च्या खटल्यात बचावाने त्याच्या खिन्नतेचे लक्षण म्हणून, तो पूर्वी प्रकृतीला जपणारा माणूस असून गोडधोड आणि कोकवर राहू लागला होता, असे सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याचे 'केक खाल्ला म्हणून खून केला' असे करून टाकले. ज्यूरीने खुनाऐवजी कमी गुन्हा धरला, शिक्षा आठ वर्षांहून कमी झाली, आणि शहरात दंगल उसळली. ही हकीकत जगाला आजतागायत चुकीच्या रूपात ठाऊक आहे, आणि 'शुगर वाढली म्हणून मारतो' म्हणणारे नकळत तीच चूक पुढे चालवत आहेत.

वैद्यकाचे म्हणणे वेगळे आहे. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याच्या रक्तातली साखर एकदम खाली गेली, तर मेंदूला इंधन मिळत नाही. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस गोंधळतो, चिडतो, क्वचित अंगावरही येतो. शुद्धीवर असेल तर त्याला चटकन साखरेचे पाणी किंवा फळांचा रस द्यावा. पंधरा-वीस मिनिटांत तो बहुधा ताळ्यावर येतो. तो आजार आहे, त्यात राग धरायचे कारण नाही. पण जो पुरुष वरिष्ठासमोर मान खाली घालतो, बसमध्ये ड्रायव्हरशी गोड बोलतो, आणि घरी येऊन दार लावल्यावरच बायकोवर हात टाकतो, त्याला साखरेच्या नावाने सोडू नका. साखर इतकी हुशार नसते. समोर कोण आहे आणि दार लागले आहे की नाही हे पाहून ती चढत-उतरत नाही.

तीच गोष्ट दारूची. रक्तातल्या ज्या रसायनाचे मारामारीशी नाते सर्वांत जुने आणि सर्वांत उघड आहे, ते बाटलीतून आत जाते. मद्यार्क मेंदूचा लगाम ढिला करतो, हे खरे. पण ते रसायन आपल्या हाताने ओतलेले असते. "प्यायल्यावर तो तो राहत नाही" हे वाक्य लग्नाच्या मांडवात आपण किती वेळा ऐकतो! तो तो राहत नाही हे त्याला पहिल्या प्यालाच्या आधी ठाऊक असते, आणि पाजणाऱ्यांनाही असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग रक्ताचा आणि हिंसेचा काही संबंधच नाही म्हणता? आहे. त्याचे नाव शिसे.

डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिज्ली या अमेरिकन इंजिनियरला शोध लागला की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले तर मोटारीचे इंजिन ठोके देत नाही. १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार एकाएकी भ्रमिष्ट झाले. त्यांना भास होऊ लागले, ते अंगावर धावून जाऊ लागले, आणि काहींना बांधून ठेवावे लागले. पाच जण मेले आणि तीसहून अधिक रुग्णालयात गेले. कालपर्यंत शांतपणे डबा खाणारी ही माणसे होती. त्यांच्या आजोबांत काही दोष नव्हता. त्यांच्या फुप्फुसांतून आणि कातडीतून विष रक्तात गेले होते. मिज्लीने त्याच महिन्यात पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून, हुंगून, काही धोका नाही असे दाखवले. ते पेट्रोल पुढे जगभर गेले. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र व्हायला २००० साल उजाडले, आणि अल्जीरिया या शेवटच्या देशातले पंप २०२१ साली बंद झाले.

शिसे रक्तात गेल्यावर काय करते? ते कॅल्शियमचे सोंग घेते. शरीराला वाटते, कॅल्शियम आले. म्हणून ते त्याला हाडांत जागा देते आणि मेंदूतही शिरू देते. मोठा माणूस गिळलेल्या शिशातले थोडेच शोषून घेतो. लहान मूल निम्म्यापर्यंत घेऊ शकते, आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. रक्तातून ते काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत वर्षानुवर्षे राहते, आणि बाई गरोदर राहिली की तिच्या हाडांतून निघून पोटातल्या बाळाकडे जाते. मेंदूचा पुढचा भाग आपल्याला 'थांब, हात आवर' असे सांगतो. तो सर्वांत उशिरा पक्व होतो, आणि शिशाचा मार त्यालाही बसतो.

अमेरिकेत सिनसिनाटी शहरात १९७९ ते १९८४ या काळात गरोदर स्त्रियांची नावे नोंदवून त्यांच्या मुलांचे रक्त जन्मापासून वारंवार तपासले गेले. बहुतेक कुटुंबे गरीब, काळ्या लोकांची, जुन्या घरांत राहणारी होती. त्या घरांच्या भिंतींना शिशाचा रंग होता, त्याचे पोपडे पडत आणि त्याची धूळ रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात जाई. ही मुले मोठी झाल्यावर पोलिसांच्या नोंदी पाहिल्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहाव्या वर्षी रक्ताच्या दर डेसिलिटरला शिसे ५ मायक्रोग्रॅमने जास्त असेल, तर तरुणपणी हिंसक गुन्ह्यासाठी अटक होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. त्याच गटातल्या काहींच्या मेंदूची चित्रे काढली, तेव्हा लहानपणी शिसे जास्त असलेल्यांत मेंदूच्या पुढच्या भागातला करडा पदार्थ कमी दिसला. आता विचार करा. त्या मुलांच्या शेजारून जाणारा गोरा माणूस काय म्हणत असेल? "यांच्या रक्तातच आहे." खरोखर रक्तातच होते, पण ते घरमालकाच्या भिंतीवरून आले होते.

दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धे सत्य सांगून जिंकायची मला हौस नाही. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांपैकी ५५३ जणांचे रक्त अकराव्या वर्षी तपासले होते. तिथे शिसे पेट्रोलच्या धुरातून येई आणि गरीब-श्रीमंत दोघांच्या अंगात सारखेच जाई. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिसे आणि गुन्हे यांचा संबंध अगदी पुसट निघाला. म्हणून अमेरिकेतले गुन्हे १९९० नंतर घटले ते केवळ पेट्रोलमधले शिसे गेले म्हणून, असे सांगत फिरणारे अतिशयोक्ती करतात. शिसे एकटे खून करत नाही. गरिबी, मारझोड पाहून झालेले बालपण, वाईट शाळा, हाताशी असलेले हत्यार, हे सारे त्याच्या जोडीला लागते. मुंबईत वाढलेले आपण सगळे भायखळ्याच्या आणि उमरखाडीच्या रस्त्यांवर हेच धुराडे नाकात घेत मोठे झालो. आपल्यातले फारच थोडे कोणावर सुरी घेऊन धावले. शिसे शक्यता वाढवते, ते कोणाचे नशीब लिहीत नाही. मात्र ते मुलाची बुद्धी आणि लक्ष कमी करते, याबद्दल आता वाद उरलेला नाही.

याच कारणाने 'सुरक्षित' मानलेला आकडा सारखा खाली येत गेला. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते म्हणत. १९८५ साली तो आकडा २५ झाला, १९९१ साली १०, २०१२ साली ५, आणि २०२१ पासून साडेतीनच्या वर गेले की लक्ष घालावे असे ठरले. जागतिक आरोग्य संघटना तर सुरक्षित म्हणावा असा कुठलाच आकडा ठाऊक नाही असे सांगते. २०२० साली युनिसेफने सहभाग घेतलेल्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज आहे.

"हे अमेरिकेचे आणि भारताचे झाले, इथे इस्रायलमध्ये त्याचे काय?" असे विचारणाऱ्यांनी आपल्या स्वयंपाकघरातले डबे उघडावेत. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत काय असते? कोकम, मसाले, सुटी हळद, एखाद्या वैद्याची पुडी, आणि बाळासाठी सुरमा. हळकुंडाला झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट नावाचा रंग चोळण्याची वाईट चाल उपखंडात काही ठिकाणी आहे. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत ही भेसळ सापडली. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना बजावले, आणि २०२१ साली एकाही नमुन्यात ती उरली नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या हळदीत शिसे फार वर गेलेले आढळले. सुरमा बहुधा गॅलेना दगडाचा, म्हणजे शिशाच्याच सल्फाइडचा असतो; घरी दिव्यावर धरलेल्या काजळाची गोष्ट वेगळी. आणि २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली दक्षिण आशियातून आलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. या भूमीवरही हे घडले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी वेस्ट बँकमधल्या खेड्यांत माणसे पोटदुखीने हैराण झाली. गिरणीच्या जात्यात पोलादी दांडा बसवण्यासाठी ओतलेले शिसे झिजून पिठात जात होते. रोजची भाकरीच विष झाली होती.

"आमच्या आजीने सुरमा घातला, आम्हांला काय झाले?" हा प्रश्न येणारच. आजीच्या काळात कोणी रक्त तपासत नव्हते, एवढेच त्याचे उत्तर आहे. शिशाने मूल एका दिवसात आजारी पडत नाही. ते अभ्यासात मागे पडते, एका जागी बसत नाही, चटकन हातघाईवर येते. मग आपण म्हणतो, आजोबांवर गेलाय!

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिशाला दोष दिला तर उद्या प्रत्येक गुंड कोर्टात रक्ताचा रिपोर्ट घेऊन उभा राहील. मुळीच नाही. कारण शोधणे आणि माफी देणे ही दोन कामे आहेत. सिनसिनाटीतल्या ज्या मुलांच्या अंगात शिसे जास्त होते, त्यांतल्याही अनेकांवर हिंसेचा एकही गुन्हा नाही. मोठ्या माणसाने हात उचलला तर जबाब त्यानेच द्यावा. पण जे मूल अजून भिंतीला धरून उभे राहायला शिकते आहे, त्याच्या तोंडात विष जाऊ दिल्याचा जबाब आपण द्यायचा आहे. या दोन जबाबदाऱ्यांची आपण अदलाबदल करतो: मुलाला म्हणतो तुझे रक्तच वाईट, आणि बायकोला मारणाऱ्याला म्हणतो बिचाऱ्याची शुगर वाढली!

म्हणून माझे समाजाला स्पष्ट मागणे आहे. घरात सुरमा असेल तर तो टाकून द्या आणि मुंबईच्या नातेवाइकांना पाठवू नका म्हणून कळवा. सुटी, जरा जास्तच चमकणारी हळद घेऊ नका; तपासलेली, बंद पाकिटातली घ्या. नाव-पत्ता नसलेली भस्मे आणि गोळ्या मुलांना व गरोदर सुनांना देऊ नका. घरात अशा वस्तू वापरल्या गेल्या असतील, किंवा घरातले कोणी बॅटरी, जुना रंग वा शिशाचे काम करत असेल, तर कुपत खोलिमच्या डॉक्टरांना तसे सांगून मुलाच्या रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. त्याबरोबर लोहही पाहून घ्या. आपल्या महिला मंडळांनी मलिद्याच्या आणि सणाच्या बैठकांत पाककृतींबरोबर हेही पाच मिनिटे सांगावे. आणि कोणा बहिणीला घरात मार बसत असेल, तर तिला साखरेच्या गोष्टी सांगू नका. तिच्याबरोबर उठून जा. पोलिसांचा नंबर १०० आहे आणि समाजकल्याण खात्याचा ११८.

आपल्या मुलांचे रक्त वाईट नाही, शेजाऱ्यांच्या मुलांचेही नाही. त्यात काय जाऊ द्यायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.